अन्नविचार : ताटातले धान्य आणि भुईतले पाणी

गेल्या माघात भीमेच्या काठच्या एका गावी सप्ताहाची सांगता होती. काल्याचे कीर्तन आटोपले, हंडी फुटली, काला वाटला गेला आणि टाळकरी मंडळींसह आम्ही पंगतीला बसलो. पानावर चपाती, भात, आमटी, वांग्याची भाजी आणि बुंदी. स्वयंपाक उत्तम होता. उणे काढण्याचा माझा हेतू नाही. पण मला साखरेचा विकार जडून आता आठ वर्षे झाली, म्हणून मी वाढणाऱ्या मुलाला सहज म्हणालो, "बाळा, चतकोर भाकरी मिळते का पाहा." पोरगा गोंधळला. त्याने यजमानांकडे पाहिले. यजमान हात जोडून म्हणाले, "महाराज, क्षमा असावी. सप्ताहाच्या प्रसादाला भाकरी कशी वाढायची? आल्यागेल्यांनी नावं ठेवली असती."

वाचकहो, ज्या काल्याचा प्रसाद त्यांनी घटकेपूर्वी डोळ्यांना लावून घेतला, त्यात लाह्या कशाच्या होत्या? ज्वारीच्या. देवाला ज्वारी चालते, पाव्हण्याला चालत नाही! आणि गाव कोणते, तर ज्याचे शिवार काळ्याभोर मातीचे, जेथे माझ्या लहानपणी दिवाळीनंतर ज्वारीत माणूस उभा राहिला तर दिसत नसे. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घोळतो आहे. कीर्तनकाराने पीकपाण्यात का शिरावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, आम्ही परान्नावर जगणारी माणसे. शेकडो गावांची ताटे आम्ही पन्नास वर्षे पाहिली आहेत. ताट कसे पालटत गेले हे आमच्याइतके जवळून कोणी पाहिले असेल असे वाटत नाही.

प्रथम एक भ्रम दूर करू. 'आपले पूर्वापारचे अन्न' असे आपण म्हणतो, तेव्हा ते अन्न सृष्टीच्या आरंभापासून आपल्या ताटात होते अशी आपली समजूत असते. मीही पाठशाळेत असेच समजत होतो. पण रुद्रानंतरचे चमक म्हणू लागलो आणि एके दिवशी ध्यानात आले की, यज्ञकर्ता तेथे देवापाशी जी धान्ये मागतो त्यांत भात आहे, जव आहे, उडीद, तीळ, मूग, मसूर आहे, राळा आहे, सावा आहे, रानातला नीवार आहे, गहूही आहे. ज्वारी नाही, बाजरी नाही, नाचणी नाही. मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, वेदात भाकरी नाही का?" ते हसून म्हणाले, "नाही. पण आज तुझ्या झोळीत आहे ना? मग बस जेवायला." पुढे वाचनात आले की ही तिन्ही धान्ये मूळची आफ्रिका खंडातली, सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ती समुद्रमार्गे आणि व्यापारमार्गे आपल्याकडे आली. म्हणजे ज्याला आपण परके, शहरी, नव्या चालीचे समजतो तो गहू वेदात आहे, आणि ज्याला आपण अस्सल मातीतली समजतो ती ज्वारी पाहुणी आहे.

एकादशीचेच पाहा ना. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे साबुदाण्याचा धंदा 1940 नंतरच्या दशकात तमिळनाडूतील सेलमकडे उभा राहिला. शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचा, रताळे तिकडचे, राजगिऱ्याचे दाणेही तिकडचे, आणि खिचडीतली हिरवी मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्या गलबतांतून पाचशे वर्षांपूर्वी उतरलेली. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी यांतील एकही वस्तू हिंदुस्थानात नव्हती. फराळाच्या ताटात इथली म्हणावी अशी राहिली ती वरी! हे मी कोणाचा उपवास मोडावा म्हणून सांगत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, अन्न पालटणे हा दोष नव्हे. पालटत आले आहे, पालटत राहील. प्रश्न निराळा आहे. जे अन्न आपण धरले ते इथल्या भुईला, इथल्या पावसाला झेपते का? आणि नातवंडांच्या वेळीही झेपेल का?

असे न झेपल्याचे उदाहरण आपल्या भीमेच्याच खोऱ्यात आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव म्हणून गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी 1968 पासून तेथे उत्खनन केले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. त्यांचे मुख्य पीक जव. नदीचे पाणी वळवायला त्यांनी बांध घातला होता, पाट काढला होता. पुढे पाऊसमान घटले. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेतीचा जोर कमी होऊन मेंढरांमागची भटकंती वाढली, आणि इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास वस्ती ओस पडली.

उलट बाजूने ज्वारीकडे पाहावे. पाहुणी म्हणून आली खरी, पण दख्खनच्या काळ्या मातीशी तिचे असे गोत्र जमले की बोलायची सोय नाही. शाळू हे पीक पाहा. पावसाळ्यात काळी जमीन पाणी पिऊन घेते. भाद्रपद-आश्विनात पेरणी होते. मग आभाळातून थेंब पडला नाही तरी पोटातल्या ओलीवर आणि थंडीवर ते उभे राहते. माघ-फाल्गुनात दाणा माणसाला, कडबा गुराला, धसकटे चुलीला. मंगळवेढ्याचा मुलूख या शाळूसाठी प्रसिद्ध. तेथल्या ज्वारीला सरकारचे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ही जात अजून लोक नाव घेऊन मागतात.

मंगळवेढे म्हटले की आपल्याला दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे रयतेला लुटवली आणि देवाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरला मोहरा भरल्या, ही कथा मी आयुष्यभर सांगत आलो. देवाच्या मोहरांचे वर्णन आम्ही रंगवून करतो. पण कोठारात धान्य होते म्हणूनच पंतांना ते वाटता आले, हे सांगायचे राहून जाते. त्या भागात ज्वारी पेवात ठेवीत. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपून सारवून, तोंड बंद. वर्षानुवर्षे दाणा राही. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे, कोंडलेली हवा जीव घेई. हवा खेळू देऊन मग उतरायचे. माझ्या आजोळी असे एक पेव होते. मी पाहिले तेव्हा त्यात केरकचरा टाकीत.

आता पालट कसा झाला ते सांगतो, कारण त्यात कोणी एक खलपुरुष नाही. 1965 आणि 1966 या दोन्ही साली पाऊस फसला. देशात गहू पिकला तो 1965-66 साली 104 लाख टनच. अमेरिकेहून गव्हाची जहाजे येत, तेव्हा रेशनची दुकाने उघडत. 1966 साली सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आले. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारची रात्रीची जेवणे सोडा असे देशाला सांगितले ते 1965 साली. आमच्या घरी वडिलांनी तो सोमवार पुढे कित्येक वर्षे चालवला, मग तो महादेवाचा म्हणून राहिला. अशा लाचारीत 1966 साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे 18 हजार टन बियाणे आणले, पंजाब-हरियाणाला कालवे, खते, विजेचे पंप दिले, सरकारने ठरल्या भावाने खरेदीची हमी दिली. आज देशात गहू 1,100 लाख टनांच्या वर पिकतो. त्या गव्हाने कोट्यवधी लोक उपासमारीपासून वाचले. गव्हाची निंदा करणाऱ्याने हे आधी आठवावे.

मी स्वतः आठवतो. 1972 चा दुष्काळ आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. ज्वारी दृष्टीस पडेना. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो आला. तीही ज्वारीचीच जात, पण भाकरी लालसर, चिवट, घशाखाली उतरत नसे. आई थापायची आणि रडायची. खडी फोडायला, तळे खोदायला माणसे जात, तेथे पोरांना सुकडी मिळे. तिचा वास आजही आला तर मला पाझर तलावाची माती दिसते. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी पाठशाळेत गेलो आणि मधुकरी मागू लागलो. झोळी म्हणजे गावाच्या ताटाचा हिशेबच. पहिल्या वर्षी झोळीत भाकरीचे तुकडे, चपाती एखाद्या घरची. पाठशाळा सोडली तेव्हा निम्म्या चपात्या. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले होते, आणि ज्याच्या घरी रोज चपाती तो सुधारलेला, असे मानले जाऊ लागले होते.

या मानण्याचा जोर फार असतो. 1960 च्या सुमारास देशात माणशी वर्षाला तीस किलोंहून अधिक भरड धान्य खाल्ले जाई. 2010 च्या सुमारास ते पाच किलोंच्या आत आले. 'भरड' हा शब्दच पाहा, जणू धान्याची निंदाच! सरकारने 2018 साली या धान्यांना 'पौष्टिक तृणधान्ये' असे नाव दिले, 2023 साली 'श्री अन्न' म्हटले, आणि भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. नाव बदलले हे चांगले झाले. पण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी महिना पाच किलो धान्य देताना तांदूळ, गहू आणि भरड धान्य अशी तिन्ही नावे असली, तरी हाती पडतो तो मुख्यत्वे गहू-तांदूळच. कारण सरकार खरेदी करते ती मुख्यतः त्यांचीच. ज्याचा खरेदीदार ठरलेला ते पीक शेतकरी घेतो.

याचा परिणाम भुईवर काय झाला तो ऐका. पंजाबचा माणूस भात खाणारा नव्हे. 1960-61 साली तेथे भाताखाली सव्वादोन लाख हेक्टर जमीन होती. आता तीस लाखांवर आहे. तो भात बाहेर जातो. एक किलो भात पिकायला शेतात पाऊस आणि पाट मिळून सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते, आणि तुंबलेल्या पाण्यातून हवा तापवणारा मिथेन वायू सुटतो तो वेगळाच. पंजाबात दर वर्षी जेवढे पाणी भुईत मुरते, त्याच्या दीडपटीहून जास्त उपसले जाते. तेथल्या सरकारला 2009 साली कायदा करावा लागला की, 10 जूनच्या आत भाताची लावणी करू नये; म्हणजे कडक उन्हाळ्यातले पाणी वाचेल. लावणी पुढे ढकलल्याने कापणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस उरेनात, म्हणून भाताची तणसे पेटवू लागले, आणि तो धूर दिल्लीत शिरतो. संसारातही असेच घडते, एक खड्डा बुजवायला दुसरा खणावा लागतो. ज्या ठेव्यातून आपण सवंग तांदूळ खातो तो ठेवा हजारो वर्षांचा आहे, आणि आपण व्याज नव्हे, मुद्दल खात आहोत.

"महाराज, पंजाबचं तुम्ही सांगता, आपल्याकडचं सांगा," असे मला एका श्रोत्याने भर कीर्तनात सुनावले. बरोबर आहे. महाराष्ट्रात 1980 च्या सुमारास साठ लाख हेक्टरांहून अधिक जमीन ज्वारीखाली होती. आता वीस लाखांच्या आत आहे. ती जागा कोणी घेतली? खरिपात मुख्यत्वे सोयाबीनने. ते आता पंचेचाळीस-पन्नास लाख हेक्टरांवर आहे. पिकवणाऱ्याच्या ताटात ते थेट येत नाही. तेल गिरणीत निघते, पेंड कोंबड्यांना आणि परदेशी जाते, आणि शेतकरी पैसे घेऊन दुकानातून पीठ आणतो. ओलिताखाली ऊस. सोलापूर जिल्हा अवर्षणाचा, आणि राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने त्याच जिल्ह्यात! उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले. आषाढीला चंद्रभागेत स्नानापुरते पाणी राहावे म्हणून त्याच धरणातून सोडावे लागते. आपण त्या पाण्यात बुडी मारतो आणि नदी वाहते असे मानतो.

येथे शेतकऱ्याला दोष देणारे पुष्कळ भेटतील. मी देणार नाही. शाळू उपटून काढावा लागतो, हात सोलून निघतात, मजूर मिळत नाही. कणीस भरले की पाखरे येतात. माळ्यावर बसून गोफण फिरवायला आता पोरे कोठली? खरिपाला 1964 पासून संकरित ज्वारी आली, दाणा भरपूर दिला. पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडे, आणि 'हायब्रीडची भाकरी' हा शब्द हिणवायला वापरू लागले. भाव नाही, मान नाही, मग कोणी का पेरावी? आणि आता गंमत पाहा, बाजारात मालदांडी गव्हाहून महाग. गरिबाची भाकरी महाग झाली आणि गरिबाला फुकट गहू मिळतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ज्वारी शोधणारे माझ्यासारखे मधुमेही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही 10 कोटींवर निघाले. सगळा दोष गव्हा-तांदळाचा नव्हे; बसणे वाढले, गोड वाढले, तळलेले वाढले.

तळण्याचेच घ्या. 1986 साली तेलबियांचे अभियान सुरू झाले आणि 1990 नंतर काही वर्षे तेलाच्या बाबतीत आपण जवळजवळ स्वावलंबी झालो होतो. आज निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. त्यात मोठा भाग इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. 2022 च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने तीन-साडेतीन आठवडे निर्यात बंद केली, तर आपल्याकडच्या कढईचे भाव डळमळले. डाळीची गत अशी की, 1961 साली माणशी दिवसाला 69 ग्रॅम उपलब्ध होती, 2001 साली 30 ग्रॅम, 2011 साली 43. पातळ वरणाची थट्टा करणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. दूध मात्र वाढले, हे खुल्या मनाने सांगितले पाहिजे. परंतु कडबा घटत चालला, तर ते दूध कशावर टिकणार?

आणखी एक आकडा मला फार बोचला. 2022-23 च्या सरकारी घरखर्च पाहणीत खेड्यातल्या माणसाच्या शंभर रुपयांपैकी धान्यावर पाच रुपयांहून किंचित कमी जातात, आणि तयार खाद्य, फराळ, पेये यांवर साडेनऊ रुपयांहून अधिक. रेशनचे धान्य स्वस्त मिळते हे त्याचे एक कारण आहेच. तरी पण पुडीतल्या खाऊवर धान्याच्या दुप्पट! वारीच्या वाटेवर पाहा, पूर्वी पालाशेजारी पिठल्याचा वास येई. आता सकाळी रस्ताभर बिस्किटांच्या पुड्यांचे कागद उडत असतात.

हे सगळे मी त्या गावच्या यजमानांना बोलून दाखवले. ते भले गृहस्थ, म्हणाले, "पुढच्या वर्षी एक दिवस भाकरीचा करू." मी खूश झालो. पण स्वयंपाकघराच्या दारातून एक वयस्क बाई म्हणाल्या, "महाराज, गुण सांगायला तुम्ही आणि थापायला आम्ही. हजार माणसांच्या भाकऱ्या म्हणजे खांदे निखळतील." मी निरुत्तर झालो. खरेच आहे. भाकरीची महती गाणाऱ्या आम्हा पुरुषांनी जात्याला आणि काटवटीला कधी हात लावला नाही. चपाती लाटायला माणसे भाड्याने मिळतात, यंत्रे निघाली आहेत. भाकरी अजून बाईच्या मनगटावर उभी आहे.

मग त्यांनीच तोड काढली. पूर्वीच्या पद्धतीने घरोघरी पाच-पाच भाकऱ्या कराव्यात, फडक्यात बांधून देवळात आणाव्यात. आमटीचे कढई-चुलाण तेवढे देवळापुढे. आमटी पुरुषांनी करावी, भांडीही त्यांनीच घासावीत, अशी त्यांची अट होती आणि ती मान्य झाली. पीठ कोणाच्या शेताचे, अशी चौकशी निघाली तेव्हा कळले की, दोनशे उंबऱ्यांच्या गावात शाळू करणारी घरे सातच उरली आहेत. बाकीचे ज्वारी बाजारातून आणतात. त्या सात घरांकडून लागेल ती ज्वारी गावाने बाजारभावाने घ्यायची, आणि हे पेरणीपूर्वीच त्यांना सांगून ठेवायचे, असे ठरले आहे. भाद्रपदात मी पुन्हा त्या गावी जाणार आहे, तेव्हा सातांची आठ झाली का ते पाहीन.